पडीक जमिनीवरचा उजेड

ऑफिसात त्याला सगळे घुबड म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं त्याला वाईटही वाटत नसे. काम होतंच तसं. रात्री दीडच्या सुमारास एक उपग्रह डोक्यावरून जायचा, आठशे किलोमीटरवरून खालचा उजेड टिपायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते चित्र याच्या पडद्यावर उतरायचं. चित्र म्हणजे नुसते चौकोन. एकेक चौकोन जमिनीवर अर्ध्या किलोमीटरचा. कुठल्या चौकोनात उजेड वाढला, कुठली शेतं जाऊन गोदामं आली, तलावाच्या कुठल्या काठावर दिवे चढले, हे पाहायचं आणि वर्षाकाठी एक जाडजूड अहवाल द्यायचा. अहवाल कोणी वाचत नसे. घुबड मात्र तो लिहिताना एकही चौकोन सोडत नसे.

वय पन्नासच्या पुढे. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या. बायको सहा वर्षांपूर्वी निघून गेली होती. भांडण असं काही झालं नव्हतं, बोलणंच संपलं होतं. "तुझ्याबरोबर राहणं म्हणजे रिकाम्या घरात राहणं, फक्त स्वयंपाक दोघांचा करावा लागतो," असं ती जाताना म्हणाली होती. दूरच्या शहरात एक मोठी बहीण होती, ती रविवारी फोन करायची. बाकीचे सहा दिवस त्याच्या घराला त्याचा आवाज ऐकू येत नसे. कधीकधी जेवणाच्या सुट्टीत तो पडद्यावर स्वतःच्या घराचा चौकोन काढून बघे. चिक्कार उजेड. त्यात आपण दिवा लावला काय आणि न लावला काय, आकड्यात काडीचा फरक पडत नाही, हे त्याला माहीत होतं. तरी बघे.

त्या वर्षी ऑफिसात नवी प्रणाली आली. जुन्या बारा वर्षांची चित्रं तिच्यातून पुन्हा काढून ताडून बघायची, एवढंच काम. हिवाळ्याचे दिवस, आकाश निरभ्र, चित्रं धुतल्यासारखी स्वच्छ. तिसऱ्या दिवशी दुपारी, शहराच्या उत्तरेला, जिथं काहीच असायला नको तिथं, त्याला एक उजळ चौकोन दिसला.

आधी वाटलं, वणवा असेल. पण वणवा वर्षभर जळत नाही. वीज चमकली म्हणावं, तर रोज त्याच जागी कशी चमकेल? कुणी खाण सुरू केली असेल म्हणून त्यानं दिवसाची चित्रं काढली. गवत. नुसतं गवत, आणि मधून गेलेली एक पुसट पायवाट. ना शेड, ना खांब, ना रस्ता. आणि उजेड मात्र पन्नासेक पथदिवे असावेत इतका. तो मागं मागं जात राहिला. गेल्या वर्षी उजेड होता. त्याच्या आदल्या वर्षी होता. प्रत्येक रात्री, तसूभरही कमी-जास्त न होता. अकरा वर्षं मागं गेल्यावर एका तारखेला तो सुरू झाला होता. त्याच्या आदल्या रात्री तिथं मिट्ट काळोख.

"अकरा वर्षं... आणि मला दिसलं नाही?" तो स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

का दिसलं नाही, ते दिवस मावळेपर्यंत सापडलं. जुन्या प्रणालीत एक नियम होता: जो चौकोन पडीक म्हणून नोंदलेला असेल, त्यातला उजेड यंत्राची खोट समजून शून्य धरावा. नियम त्यानंच लिहिला होता. आणि तो चौकोन पडीक म्हणून नोंदणाऱ्या कागदावरची सही, तीही त्याचीच होती.

त्याला आठवलं. तेव्हा अख्ख्या पट्ट्याचा नकाशा दोन दिवसांत हवा होता. तिथं काहीतरी मोठं उभं राहणार होतं, वरून घाई होती. त्यानं दिवसाचं चित्र पाहिलं, रानासारखं वाटलं. रात्रीचं पाहिलं, अंधार. माणूस असतो तिथं दिवा असतो. दिवा नाही म्हणजे माणूस नाही. त्यानं 'पडीक' लिहिलं आणि पुढच्या चौकोनाकडे वळला. जागेवर जाऊन खात्री करायची पद्धत होती. तो गेला नव्हता.

या वेळी गेला.

आकाशाचा उजेड मोजायचं एक छोटं यंत्र त्यानं बरोबर घेतलं आणि ऑफिसची जीप. ड्रायव्हर बोलका होता. "साहेब, अंधार मोजायला एवढं लांब जायचं?" तो म्हणाला. "डोळे मिटायचे की झालं!" घुबड हसला. बऱ्याच दिवसांनी हसला म्हणून गालाला जरा ताण बसला.

शेवटच्या गोदामापाशी डांबर संपलं. फाटकात एक म्हातारा रखवालदार घोंगडी पांघरून बसला होता. पुढं कुठं जाणार म्हणून त्यानं विचारलं. यानं सांगितलं, "त्या माळावर. तिथं काहीच नाही ना?"

"आता नाही," रखवालदार म्हणाला. "एकतीस घरं होती. त्यातलं एक माझं."

ड्रायव्हरनंच विचारलं, "मग गेली कुठं?"

"पाडली. आम्ही कागद मागितला, तर नकाशा दाखवला. त्यात वस्तीच नव्हती. गवताची छपरं होती आमची, वरून काय दिसणार? वीज आलेली नव्हती. आठला जेवण, नऊला कंदील विझवायचा, रॉकेल काय फुकट येतं?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता, फार वेळा सांगून राग झिजला असावा. "वस्ती नाही तर नुकसान कसलं, म्हणाले. ज्याला जिथं वाट फुटली तिथं गेला. एक म्हातारी तेवढी हलली नाही. चुलीपाशी बसून राहिली. म्हणाली, मी तुमच्या कागदात नाही ना? मग हलवणार कुणाला?"

"मग?" ड्रायव्हर म्हणाला.

"मग सकाळी यंत्रं आली." रखवालदारानं घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढली. "कुणी म्हणतं, आदल्या रात्रीच लेकीकडे निघून गेली. लेक म्हणते, माझ्याकडे आलीच नाही."

घुबडानं तारीख विचारली नाही. तारीख त्याला माहीत होती.

रात्री सव्वा वाजता तो जीपमधून उतरला. ड्रायव्हर म्हणाला, "मी इथंच बरा." हातात बॅटरी आणि यंत्र घेऊन तो एकटा पायवाटेनं निघाला. थंडी होती. गवत गुडघ्याला लागत होतं, आणि पावलागणिक त्याचा खसखस आवाज. पाठीमागे दक्षिणेला शहराचा तांबूस उजेड आभाळाला टेकलेला होता. तो उजेड त्यानं आयुष्यभर मोजला होता. कुठंही जा, तो क्षितिजावर असतोच. सत्तर किलोमीटरवरूनही दिसतो.

तीनशे पावलं झाली. पडद्यावरचा चौकोन इथं सुरू होत होता, हातातल्या यंत्रावरचे अक्षांश-रेखांशाचे आकडे तसं सांगत होते. त्यानं आणखी दहा पावलं टाकली आणि थांबला. काहीतरी बदललं होतं. गवताचा आवाज थांबला होता. पायाखाली सारवल्यासारखी कडक, गुळगुळीत जमीन लागत होती. वर चांदण्यांचा असा खच पडला होता, जसा त्यानं फक्त लहानपणी पाहिला होता. त्यानं वळून मागं पाहिलं.

शहर नव्हतं. तांबूस उजेड नव्हता, गोदामाचा दिवा नव्हता, जीपचाही नव्हता. चारी दिशांना नुसता काळोख, आणि त्यात रॉकेलचा आणि ओल्या राखेचा वास.

त्यानं यंत्र वर धरलं. सवयीनं आकडा वाचला. इतका अंधार त्याच्या अख्ख्या नोकरीत त्यानं मोजला नव्हता. घड्याळात दीड वाजला. म्हणजे आत्ता, याच क्षणी, वरून उपग्रह जात होता... आणि त्याला इथं पन्नास दिव्यांचा उजेड दिसत होता.

"पाय जपून..." अगदी जवळून, उजव्या हाताला, कुणीतरी हळू आवाजात म्हणालं. "चूल आहे."

त्यानं पाय बाजूला घेतला. भीती नंतर आली. आधी पाय बाजूला घेतला गेला, परक्याच्या घरात शिरल्यावर आपण घेतो तसा. "माफ करा," तो पुटपुटला. मग तो मागं न वळता, उलट्या पावलांनी, एकेक पाऊल मोजत सरकत राहिला, गवत पायाला लागेपर्यंत. गवत लागलं तसं शहर परत आलं.

ड्रायव्हर जीपबाहेर उभा होता. "साहेब, जाताना एकदम बॅटरी विझवलीत! मला वाटलं, खड्ड्यात पडलात."

"विझवली नव्हती," तो म्हणाला. परतीच्या वाटेवर दोघंही बोलले नाहीत.

त्या रात्रीच्या चित्रात उजेड होता तिथंच होता. त्याच्या पुढच्या रात्रीचं चित्र आलं. माळावरच्या चौकोनात काळोख होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा, शून्य. त्याचा जीव भांड्यात पडला. त्यानं खुर्चीला पाठ टेकली. आणि मग त्याला तो दिसला. एक चौकोन खाली, शहराच्या बाजूला. तेवढाच उजेड, फक्त शेजारच्या चौकोनात.

पुढच्या रात्री त्याच्याही खाली. त्याच्या पुढच्या रात्री आणखी एक. रोज एक चौकोन, ज्या रस्त्यानं जीप परत आली होती त्याच रस्त्यानं. त्यानं बोटानं पडद्यावर मोजलं. माळापासून त्याच्या घरापर्यंत चौतीस चौकोन होते.

रविवारी ताईचा फोन आला.

"आवाज का असा? बरं नाही का?"

"बरं आहे."

"जेवतोस ना नीट?"

"ताई... आपल्या हातून एखादं काम चुकलं, आणि ते चुकलंय हे अकरा वर्षांनी कळलं, तर काय करायचं?"

ताईला वाटलं, तो बायकोबद्दल बोलतोय. "दुरुस्त करता येत असेल तर करायचं," ती म्हणाली. "येत नसेल तर निदान जाऊन चुकलो म्हणायचं. तू तेवढंही कधी करत नाहीस."

एकोणिसाव्या रात्री तो उजेड गोदामांच्या रांगेत शिरला. तिथं मुळातच दिवे फार. साध्या डोळ्यांना वेगळा काढता येईना. मग यानं प्रत्येक चौकोनाची वर्षभराची सरासरी काढली आणि रोजच्या चित्रातून वजा केली. उरायचा एकच ठिपका. सरकणारा. शाळा, बसचा डेपो, रुग्णालय, एकेक करत तो आत येत होता. सव्विसाव्या रात्री तो शहराच्या दाट वस्तीत पोचला आणि तिथल्या लखलखाटात बुडाला. काही केल्या सापडेना. दिसत होता तोवर घुबड दुपारची वाट बघायचा. दिसेनासा झाला तशी त्याची झोप गेली. आता तो उजेड कुठल्याही रस्त्यावर असू शकत होता. रात्री घराकडे चालताना दिव्याच्या प्रत्येक खांबाला तो वळसा घालून जायचा.

एकोणतिसाव्या दिवशी तो नकाशे विभागाच्या मॅडमकडे गेला. तिथं मॅडमच सर्वेसर्वा. त्यानं जुना कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाला, "हा चौकोन दुरुस्त करायचाय. पडीक नाही, वस्ती. एकतीस घरं."

मॅडमनी चष्मा काढला. "अहो, अकरा वर्षं झाली. जमिनीचे दोन मालक बदलले. झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उकरून काढताय? आणि सही कुणाची आहे ते बघितलंत ना?"

"माझीच आहे. म्हणून तर दुरुस्ती मी करायची."

"चौकशी लागेल. पेन्शनला पाच वर्षं राहिलीत तुमची."

"लागू दे."

त्यानं अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात बराच वेळ पेन अडकलं, मग त्यानं लिहिलं: 'जागेवर गेलो नव्हतो.' दुरुस्त नकाशाची प्रत घेऊन तो भर दुपारी गोदामाच्या फाटकावर गेला. रखवालदारानं कागद उलटासुलटा करून पाहिला. घुबडानं त्याला बोट ठेवून दाखवलं, ही पायवाट, इथं तुमची घरं. "तो पहिला नकाशा मी केला होता," तो म्हणाला. "माझी चूक झाली."

रखवालदारानं कागदाची घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवली. "बसा," तो एवढंच म्हणाला, आणि त्यानं स्टुलावरचा आपला डबा उचलून जागा करून दिली.

महिन्याभरात एकतीसपैकी चोवीस कुटुंबं शोधून काढून रखवालदारानं दावा दाखल केला, आणि तो दावा पुढं उभाही राहिला. पण ते नंतरचं.

चौतिसावी रात्र आली. घुबड घरी होता. दुरुस्ती झाली, कबुली झाली, आता काही होणार नाही, असं तो मनाला बजावत होता. साडेअकराला वीज गेली. त्याच्याच घराची नाही, अख्ख्या भागाची. खिडकीतून पाहिलं तर रस्ते, इमारती, लांबची रुग्णालयाची पाटी, सगळं काळं. त्याच्याकडे मेणबत्ती होती. ती त्यानं लावली नाही. फोन बंद करून ठेवला. दाराकडे तोंड करून तो खुर्चीत बसला.

बारा वाजले. साडेबारा. जिन्यात पाऊल वाजलं नाही, कुत्रं भुंकलं नाही. इतकी शांतता त्यानं सहा वर्षं रोज ऐकली होती. त्या रात्री तिच्यात काहीतरी थांबलेलं होतं, दाराबाहेर ताटकळत माणूस उभं असावं तसं. एकच्या सुमाराला वास आला. रॉकेल, आणि ओली राख.

पळायला वाट नव्हती, आणि नवल म्हणजे पळावंसंही वाटेना. घड्याळाचे चमकणारे काटे दीडवर आले तेव्हा तो खुर्चीतून उठला, अंधारात चाचपडत दारापर्यंत गेला आणि कडी काढली.

"या..." तो हळूच म्हणाला. "आत या. जागा आहे."

कुणी आलं नाही. गार हवेची झुळूकसुद्धा आली नाही. तो थोडा वेळ उभा राहिला, मग परत येऊन खुर्चीत बसला, आणि त्याला इतकी गाढ झोप लागली की सकाळी उन्हं तोंडावर आली तेव्हाच जाग आली. दार लोटलेलं होतं. घर जसंच्या तसं होतं.

दुपारी ऑफिसात चित्र उघडताना त्याचा हात स्थिर होता. वीज गेलेला भाग शहराच्या मधोमध भोक पडल्यासारखा दिसत होता. साठ-सत्तर चौकोन ठार काळे. आणि त्यांच्या मध्यभागी एक उजळ. कुठला ते त्याला मोजावं लागलं नाही. त्यानं तो आकडा वहीत उतरवून घेतला, पडदा बंद केला आणि बाहेर जाऊन चहा प्यायला. त्याला वाटलं होतं तेवढी भीती वाटत नव्हती. आलं ते आलं, आणि गेलं. आता संपलं, असं काहीसं वाटत होतं.

संध्याकाळी इमारतीच्या जिन्याशी त्याला समोरच्या इमारतीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई भेटल्या. त्यांची खिडकी त्याच्या खिडकीच्या अगदी समोर होती, पण इतक्या वर्षांत मान हलवण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. आज त्या आपणहून थांबल्या.

"काय भाऊ, काल पाहुणे आले होते वाटतं?"

त्याचा पाय पायरीवरच राहिला.

"नाही म्हणजे, सगळीकडे अंधार, आणि तुमच्याकडे केवढा उजेड! लेकीला उठवून दाखवलं मी." त्या हसल्या. "बरं वाटलं हो. तुमच्याकडे कधी कुणी दिसत नाही. काल घर कसं भरलेलं होतं. बायका, माणसं, लहान मुलं..."

"किती..." त्यानं विचारलं. "किती जण होते?"

"आता मी मोजले थोडेच! मोजत होत्या त्या तुमच्या आजी."

"कोण आजी?"

"अहो, खिडकीत बसलेल्या. आमच्या इमारतीकडे बोट करून एकेक खिडकी मोजत होत्या. वरच्या मजल्यापासून, अगदी सावकाश. लेकीला इतकी गंमत वाटली, आम्ही दोघींनी हातसुद्धा केला." बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चार पावलं पुढं गेल्यावर काहीतरी आठवून मागं वळल्या. "फक्त आमच्या खिडकीपाशी आल्या, आणि बोट तसंच पुढच्या खिडकीवर नेलं. आमची तेवढी मोजायची राहिली."

त्या पुन्हा हसल्या.

"अंधार होता ना. दिसली नसेल."